वाटाण्याएवढं हाड

पेटी उघडण्याआधी मामा तिच्या झाकणावर तळहात ठेवायचे. झोपलेल्या माणसाला उठवताना आपण ठेवतो तसा, हलकेच. मग म्हणायचे, "उठा आता, पोरी आल्या."

पेटीत एका माणसाची सगळी हाडं होती, खरी. आमच्या फिजिओथेरपी कॉलेजात मामा शिपाई होते. जूचंद्रहून यायचे. अशी माणसं तुम्हीही कुठल्या तरी शाळेत, ऑफिसात पाहिली असतील. नेमून दिलेल्या कामापेक्षा थोडं जास्तच ती अंगावर घेतात आणि त्यानेच थकतात. मामा रोज संध्याकाळी हाडं मोजायचे. मोजा असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

इंग्रजी नावं त्यांना येत नसत. पण डोळे मिटून हाड हातात घेतलं की डावं की उजवं ते सांगत. मला नावं सगळी पाठ होती, बाजू चुकायची.

"बाय, पुस्तकात हात नसतो," ते म्हणायचे. "बोट लावून बघ."

मनगटाची सुटी हाडं स्टीलच्या डब्यात असत, आठ डावी, आठ उजवी. त्यातलं सगळ्यात लहान, करंगळीच्या बाजूचं, त्याला ते 'वाटाना' म्हणत.

त्यांच्या निवृत्तीला महिना राहिला तेव्हा प्लास्टिकचे सांगाडे आले आणि पेटी दुसऱ्या कॉलेजला द्यायचं ठरलं. त्याच आठवड्यात डब्यात पंधराच हाडं निघाली. एका हाताचा वाटाणा नव्हता.

सर म्हणाले, "मामा, एवढ्याशा हाडाने काय अडतंय? तसंच पाठवू."

"मानूस हाय तो, सर. अर्धवट कसा धाडू?"

मामांचे गुडघे आधीच झिजलेले. तरी रोज वर्ग सुटला की फरशीवर गुडघे टेकून ते बाकांखाली टॉर्च मारत. उठताना बाक धरत आणि नुसता श्वास सोडत.

हाड माझ्याकडे होतं. अभ्यास करताना ॲप्रनच्या खिशात राहिलं आणि वॉशिंग मशीनमधून निघालं. आईला खडा वाटला. तिने तो फ्रिजवरच्या सेफ्टी पिनांच्या वाटीत टाकला. माझ्या लक्षात आलं तोवर मामांची शोधाशोध सुरू झाली होती. पहिल्या दिवशी सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी सांगायचं तर आदल्या दिवशी का नाही बोललीस, याचंही उत्तर द्यावं लागलं असतं. तीन आठवडे मी ते रुमालात बांधून कॉलेजला नेलं आणि परत आणलं. एकदा तर त्यांच्या शेजारी वाकून मीही बाकांखाली शोधलं.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी मामा चहाला गेले तेव्हा मी हाड डब्यात टाकलं. परत येऊन ते पेटीजवळ फरशीवर बसले आणि मोजू लागले. सोळाव्याला थांबले. बाकीची हाडं पिवळट, हे पांढरं. त्यांनी ते नाकाजवळ नेलं.

"साबनाचा वास येतो."

आम्ही चौघी होतो. तिघी हसल्या. मी ॲप्रनच्या बटणाकडे बघत राहिले.

"न्हाऊन आला वाटतं," मामा म्हणाले. "बरं केलं. परगावी जायचंय."

त्यांनी झाकण लावलं, त्यावर तळहात ठेवला. मग चौघींतून नेमका माझ्याकडे हात पुढे केला.

"बाय, जरा उठव. आता होत नाय."

मी हात दिला. ते उठले.

आता मी फुलपाड्यात एका दवाखान्यात काम करते. सकाळपासून गुडघेच गुडघे. खाली बसू नका, फरशीवर टेकू नका, हे मीच दिवसभर सांगत असते. दुपारनंतर माझेही हात भरून येतात. एखादे म्हातारे गृहस्थ दाराची चौकट धरून, श्वास सोडत आत येतात, तेव्हा मी मान वर करते. मामा नसतात.

मी त्यांना हात देते. अंगठा आपोआप मनगटावर, करंगळीच्या बाजूला जातो. वाटाणा जागेवर असतो.