थांबवून ठेवलेला कांदा

त्या दुष्काळी साली विहिरीत उरलेल्या पाण्यावर आईने अर्धा एकर कांदा जगवला. तो चांगल्या भावाने गेला तर यंदा ऊसतोडीला जायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

उन्हाळ्यातच व्यापारी दारात आला. मी अंबाजोगाईला कॉलेजात होते आणि मोर्च्यांतली पत्रकं वाचून मला सगळं कळतं असं वाटायचं. "इतक्यात विकू नको," मी आईला म्हणाले. "परदेशात मागणी आहे. दसऱ्यापर्यंत भाव चढेल." तिने ऐकलं.

भाव खरंच चढला. आम्ही पोती भरत होतो त्याच आठवड्यात सरकारने निर्यात बंद केली, शहरात कांदा महाग झाला म्हणून. भाव इतका पडला की बाजारात न्यायचं भाडंही निघेना. साठवणीच्या चाळीत कांदा सडू लागला.

सडका कांदा निवडताना आईने विचारलं, "शहराला कांदा पायजे होता न्हवं? मग आमचा न्यायला कुनी कावून आलं न्हाई?"

शहरातलं जेवण स्वस्त ठेवायचं आणि त्याची भरपाई माझ्या आईने करायची, हे तिला विचारून कुणी ठरवलं नव्हतं. पण तिला थांब म्हणणारी मीच होते.

दिवाळीनंतर सहकारी साखर कारखान्याचा ट्रक आला. आईने कोयता घेतला आणि उरलेल्या कांद्याचं पोतं उचललं. "सहा महिने इकत घ्यायला नको," ती म्हणाली. मी हात लावायला गेले.

"ऱ्हाऊ दे. तुझी येष्टी जाईल."