देशाचा मामला

आमचे चाचा बोलण्याआधी डावीकडे बघत, उजवीकडे बघत आणि मग एकदा आभाळाकडे. वरूनही कुणीतरी टिपून घेतं, अशी त्यांची खात्री होती. मग तोंडाशी हात धरून सांगत, "देशाचा मामला हाय, भाऊ. सांगता येत न्हाई."

मी फक्त सीताफळांचा भाव विचारलेला असे.

मांजरसुंब्याच्या चौकात माझ्या झेरॉक्सच्या दुकानासमोर त्यांचा फळांचा हातगाडा उभा असायचा. त्यांची एकुलती लेक अंबाजोगाईला शिकली आणि पार समुद्राकाठी, नौदलासाठी संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत लागली. त्या दिवसापासून चाचांनी तोंडाला कुलूप लावलं. आमच्याकडे उन्हाळ्यात नळाला पाणी नाही, पण नौदलाची सगळी गुपितं या गाड्याखाली पुरलेली!

गंमत म्हणजे लेक नेमकं काय करते, हे चाचांनाच ठाऊक नव्हतं. पोरगी फोनवर सांगायला लागली, "अब्बा, आज आमच्या कामात..." की हे ओरडत, "चूप! दुश्मन ऐकतंय!" आणि फोन बंद.

मग चौकानेच शोध लावले. ढाबेवाला पाणबुडीवर ठाम होता. पानवाल्याला बॉम्ब वाटे. त्याने आपली टपरी गाड्यापासून लांब सरकवून घेतली. चाचा दोघांकडे बघून नुसते दाढीत हसत.

ईदला पोरगी आली आणि थेट माझ्या दुकानात येऊन बसली. डोळे भरलेले.

"काका, मी जहाजाच्या बुडाला लावायचा रंग बनवते. शिंपले, शेवाळ चिकटू नये म्हणून. बूड साफ असलं की जहाज पळतं, डिझेल वाचतं. एवढं तरी ऐकावं ना अब्बांनी? सगळ्या जगाला सांगते, फक्त बापाला सांगता येत नाही."

मी तिला घेऊन गाड्यावर गेलो.

"चाचा, पोरीचं ऐका की."

"ऐकलं आन् झोपेत बरळलो तर?"

"अब्बा, रंग आहे!" ती ओरडलीच. "जहाजाच्या बुडाचा रंग!"

चाचांनी कानांवर हात ठेवले, पण उशीर झाला होता. हात हळूहळू खाली आले.

"रंग?" ते म्हणाले. "मला पाणबुडी वाटलतं."

त्यांचं उतरलेलं तोंड बघून लेकीचंही उतरलं. मग तीच म्हणाली, "चला माझ्यासोबत. दाखवते."

नातेवाइकांना आत सोडतात त्या दिवशी तिने त्यांना जहाज दाखवलं. परत आले ते एसटीतून उतरून सरळ माझ्याकडे. डावीकडे बघितलं नाही, उजवीकडे नाही.

"भाऊ, जहाज पाण्याभाईर काढून ठेवलतं! मी खाली उभा, वर बूड. आपला चौक झाकल एवढं! आन् एक शिंपला न्हाई! माझ्या पोरीनं केलं!"

एसटीतले प्रवासी खिडकीतून बघू लागले.

"आणि समुद्र कसा होता?"

चाचा विचारात पडले. "तो बघायचा राहिला की."

दुसऱ्या दिवशी त्यांनी लाल रंगाचा डबा आणला, गाडा भर रस्त्यात उलटा केला आणि बुडाला रंग द्यायला बसले. दोन्ही बाजूंना ट्रक तुंबले, हॉर्न वाजले. चाचा दुसरा हात मारत होते.

"चाचा, मांजरसुंब्यात शिंपले कुठून येणार?"

"आला का एक तरी? ह्यो रंगाचा गुण हाय!"

पुढे त्यांचे गुडघे गेले आणि लेक त्यांना कायमचं आपल्याकडे घेऊन गेली. चौक आता फार शहाण्यासारखा वागतो. मला करमत नाही.

गाडा माझ्या दुकानाशेजारी चाकं वर करून ठेवलाय. एसटीची वाट बघणारे विचारतात, हे लाल काय आहे? मी डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो, एकदा आभाळाकडे बघतो आणि मोठ्याने सांगतो, "आमच्या चाचांच्या पोरीचं काम आहे."

तुम्हीही कधी आलात तर वाकून बघा. अजून एक शिंपला चिकटलेला नाही.