समुद्राच्या पाल्याचं पाणी

वडिलांच्या आतड्याचं ऑपरेशन झालं आणि आमच्या घरातून सुकट हद्दपार झाली. डॉक्टरांनी मऊ, बिनतिखट, पचायला हलकं सांगितलं होतं. अंबडच्या कंपनीत उभी हयात काढलेला, डब्यात सुकटीची चटणी नसेल तर भाकरी तशीच परत आणणारा माणूस! मुगाचं पाणी पुढे केलं की तोंड फिरवायचा. वजन उतरत चाललं. ते वाढल्याशिवाय पुढचं औषध सुरू करता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून आई ओट्याशी उभ्यानंच, गपचूप जेवायला लागली. वडिलांसमोर तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

अशात आहारशास्त्र शिकणारी माझी भाची एक पाकीट घेऊन आली. आत काळपट, चामड्यासारख्या कडक पट्ट्या होत्या. समुद्रात वाढणारा पाला म्हणे. मी कपाळाला हात लावला. गोदावरीकाठच्या माणसाला शेवाळ म्हणजे पाय घसरायची वस्तू, ती खायची कुठली? पण पोरगी हट्टाची. तिनं डॉक्टरांना फोन लावला. थोडंसं, गाळून द्यायला हरकत नाही, असं त्यांनी सांगितलं. पट्टी भिजवायची, मंद आचेवर ठेवायची, मग पट्टी काढून नुसतं पाणी द्यायचं, असं आईला बजावून भाची क्लासला गेली.

पाला म्हटल्यावर आईचे हात आपोआप अंबाडीच्या वळणाला गेले. तिनं तो उकडला, घट्ट पिळला, हिरवट पाणी मोरीत ओतलं आणि पाल्यात ज्वारीच्या कण्या घालून लसणाची फोडणी दिली. घरभर खारा वास सुटला. तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला, "सुकट केली का गं?"

ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी खाण्याचं काही विचारलं नव्हतं. आम्ही मायलेकी एकमेकींकडे बघतच राहिलो. आई वाटी भरायलाच निघाली होती, इतक्यात भाची दारात.

"आजी, द्यायचं ते मोरीत गेलं की!"

"पाल्याचं पाणी पिळून टाकू नाय तर काय करू? जल्मभर तेच केलं ना."

भाचीनं समजावलं. या पाल्यात कॅल्शियम आहे, लोह आहे, आयोडीन तर भरपूर. पण त्यातला चोथा माणसाच्या आतड्याला फोडता येत नाही. धडधाकट पोटाला तो चांगलाच, नुकत्याच शिवलेल्या आतड्याला मात्र नको. चव उतरते ती पाण्यात. आईचा चेहरा पडला. भाजी मी आणि भाचीनं संपवली आणि खरं सांगते, झकास झाली होती.

दुसऱ्या दिवशी आईनं पाणी केलं. तिला थायरॉइडची गोळी चालू, त्यामुळे एवढ्या आयोडीनचं काही चाखायची तिला बंदी. तिनं नुसत्या वासावर अंदाज घेतला आणि इगतपुरीच्या तांदळाचा गुरगुट्या भात त्यात कालवला. वडिलांनी चमचा तोंडात घातला, थांबले, आणि वाटी स्वतःच्या हातात घेतली.

त्या पाल्याचं मला फार कौतुक वाटतं. ना त्याला माती, ना खत. खाऱ्या पाण्यातून हवं ते उचलायचं आणि अंगात साठवायचं, एवढाच त्याचा संसार. त्या पाण्यात ताकद फारशी नव्हती, हे भाचीही कबूल करते. ताकद भातात होती. पण मिटलेल्या तोंडात भात जाणार कसा? ते तोंड त्या पाण्यानं उघडलं. पुढे भातात मऊ डाळ आली, मग अंडं आलं.

गेल्या आठवड्यात वडील दवाखान्यात काट्यावर उभे राहिले, तर वजन वाढलेलं. औषध सुरू करू, असं डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी ताट पुढे आलं तसं वडिलांनी स्वयंपाकघराकडे बघून आईला हाक मारली.

"तू उभ्यानं जेवती, मला काय दिसत नाय व्हय? आज सुकट भाज तुझ्यासाठी. ताट घेऊन इथं बस. वासावर मी दोन घास जास्त खाईन."

आईनं डब्याच्या तळाशी उरलेली सुकट तव्यावर टाकली. धुरानं डोळ्यांत पाणी आलं म्हणाली. मग ताट घेऊन ती त्यांच्या शेजारी बसली.