दादाच्या छातीतली गेटं

मंगळवारी दुपारी माझा भाऊ वारला.

आधी ताप आला होता, मग खोकला, मग न्यूमोनिया. अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "विषाणू आता फारसा उरला नाही. पण त्याच्याशी लढायला ज्या पेशी धावून आल्या त्या शांत होत नाहीत. फुफ्फुसाला इजा आता त्याच करतायत." असं का होतं, हे मी विचारलं. त्यांनी पेशींच्या पडद्यातल्या आयन चॅनलविषयी, म्हणजे क्षार आत-बाहेर सोडणाऱ्या बारीक वाटांविषयी, थोडं सांगितलं. मी छापखान्यात मुद्रितं तपासतो हे कळल्यावर त्यांनी एक लेख मोबाइलवर पाठवला. हा माणूस काहीही वाचू शकतो, असं त्यांना वाटलं असावं.

बाहेरच्या बाकावर बसून मी तो वाचला. सवयीनं आधी स्वल्पविराम तपासले. ते बरोबर होते. मग अर्थाकडे वळलो, तर एका परिच्छेदाला दुपार गेली.

शेजारी वहिनी बसून असायची. खोकला सुरू झाला तेव्हा तिनं दादाला ओव्याची धुरी दिली होती. निखाऱ्यावर ओवा टाकायचा आणि पांघरूण घेऊन धूर हुंगायचा, एवढंच. पण आमच्या आत्यानं दवाखान्यात पाऊल ठेवताच विचारलं, "धुरी दिलतीस न्हवं? मग काय, कोंडला की धूर छातीत!" डॉक्टरबाई नाही म्हणाल्या. पण शिवाजी पेठेत आत्याचं म्हणणं डॉक्टरपेक्षा लवकर पोचतं. संध्याकाळपर्यंत बायका वहिनीकडं बघून गप्प व्हायला लागल्या आणि वहिनीनं जेवण सोडलं.

आत सोडायचे तेव्हा मी दादाला वाचलेलं सांगायचो. दादा वर्षानुवर्षं आमच्या पेठेच्या फुटबॉल सामन्यांना मैदानाच्या गेटवर गर्दी आवरायला उभा राहायचा, हौसेनं. म्हणून म्हटलं, "दादा, पेशींना पण गेटं असतात. तुझ्या पेशींची उघडीच राहिलीत." त्यानं मास्क वर केला आणि विचारलं, "कुणी उघडलं?"

"वाचून सांगतो," मी म्हटलं. नर्स आम्हा दोघांवर ओरडली. दुसऱ्या दिवशी त्याच्या घशात नळी घातली. त्यानंतर तो बोलला नाही.

रक्षाविसर्जनाला पंचगंगेवर बरीच माणसं आली. दादाच्या आवडीचं सगळं पत्रावळीवर मांडलं. मिसळ, भडंग, अर्धा कप चहा. कावळे समोरच्या पत्र्यावर बसले आणि बघत राहिले. एकही खाली येईना.

आमच्याकडं अशा वेळी मेलेल्या माणसाला शब्द द्यायचा असतो. त्याचं मन कशात अडकलंय ते ओळखलं की कावळा शिवतो. मामा म्हणाले, "घराची काळजी करू नको." कावळा हलला नाही. दादाचा गेटवरचा जोडीदार पुढं आला. "भावा, यंदा कप आपलाच. शब्द देतो." एक कावळा उडाला आणि लांब जाऊन बसला.

"खोटं बोलाय लागलास म्हणून गेला त्यो," कुणीतरी मागून म्हणालं.

मग वहिनी उठली. पत्रावळीपुढं उभी राहून म्हणाली, "धुरी मी दिली. चुकलं माझं." आत्यानं मान डोलावली. तो तिचा विजय होता. कावळा काही आला नाही.

मला ते बघवेना. मी चारचौघांत बोलणारा माणूस नाही, पण पुढं झालो आणि पत्रावळीकडं बघून म्हणालो, "दादा, तू विचारलं होतंस, गेट कुणी उघडलं. सांगतो. आधी विषाणू आला. त्याला हुसकायला तुझ्याच पेशी पळत आल्या. पेशीच्या पडद्यात बारीक गेटं असतात. कॅल्शियम आत शिरलं की पेशीला जोर चढतो. पोटॅशियम बाहेर सांडलं की ती भडकते आणि बाकीच्यांना पण भडकवते."

"पोटॅशियम म्हंजे केळ्यातलं?" मामांनी विचारलं.

"तेच. आणि मशीनच्या हवेचा ताण पडला की त्यानंही काही गेटं उघडतात."

"म्हंजे मशीन लावलं त्येच चुकलं की!" जोडीदार म्हणाला.

"नाही लावलं तर श्वास कसा घेणार?"

"ही बरी पंचाईत हाय. पर मला एक सांग, आत आली ती आपलीच पोरं न्हवं?"

"आपलीच. मदतीलाच आली. पण एवढी आली, आणि आल्यावर शांत होईनात. त्यांनीच मैदान मोडलं."

"मग पोलीस काय करत हुते?" मागून एक म्हातारा ओरडला. ह्यावरून जुंपली. पेशींत पोलीस असतात का, असतात तर त्यांना वर कळवणारं कोण, दादा स्वतः गेटवर असता तर हे झालं असतं का. मी शक्य तेवढी उत्तरं देत होतो. काही ठिकाणी लेखच गप्प होता. बोलण्यात कुणाचं लक्ष राहिलं नाही, आणि बघतो तर पत्रावळीवर दोन कावळे. फरसाण संपत आलं होतं.

"शिवला!" मामा ओरडले.

आत्यानं डोळ्याला पदर लावला. "आपल्याच माणसांनी चेंगरलं म्हणायचं माझ्या भाच्याला," ती म्हणाली.

हे वाक्य आमच्या आधी पेठेत पोचलं. चौकात श्रद्धांजलीचा फलक लागला, त्यावर लिहिलं होतं, 'गर्दी थोपवताना गेलेला गेटचा राजा'. भेटायला आलेल्या आजऱ्याच्या पाहुण्यांनी हळूच विचारलं, "मॅच कुणाची हुती?" रविवारी तर समोरच्या पेठेतली दोन वडीलधारी माणसं चहा-साखर घेऊन आली आणि हात जोडून बसली. "आमच्या पोरांकडनं काय कमीजास्त झालं असलं तर..." मी त्यांना कॅल्शियमपासून सगळं सांगितलं. त्यातले थोरले लक्ष देऊन ऐकत होते.

"म्हंजे ह्या पेशी कुठल्या पेठेच्या?"

"त्याच्याच. त्याच्या शरीरातल्या."

"मग आमची न्हवंत," ते म्हणाले आणि निवांत चहा प्यायले.

पण वहिनीकडं बघून आता कुणी गप्प होत नव्हतं. धुरीचं नाव निघेनासं झालं. आत्या तर गर्दीविषयी डोळ्यांनी पाहिल्यासारखी बोलत होती.

माझा जन्म चुका दुरुस्त करण्यात गेलाय. त्या फलकाखालून जाताना हात शिवशिवायचा. एकदा वहिनीला म्हटलं, "सगळ्यांना बसवून नीट सांगतो." ती म्हणाली, "भावजी, ऱ्हाऊ द्या." मग तिनं विचारलं, "तुम्ही मला तेवढं खरं सांगा. गेट धुरीनं न्हाय ना उघडलं?"

"न्हाय वहिनी. डॉक्टरबाईंना मी दोनदा विचारलं."

"लेखात हाय का धुरीचं?"

"एका ओळीत पण न्हाय."

"परत बघा."

मी तिच्यासमोर बसून लेख पहिल्यापासून शेवटपर्यंत परत वाचला. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण पान सरकलं की ती मान हलवायची. संपल्यावर ती आत गेली आणि स्वतःसाठी ताट वाढून घेतलं.

फलक पावसानं फिका झाला तेव्हा पेठेच्या तालमीतल्या पोरांनी उतरवला. दादा नाही. वहिनी जेवते. लेखातला बराच भाग मला अजून समजलेला नाही.