दाताला नाही

पोलिसांच्या घरात दात दुखला तर कोणी सांगत नाही. ताप सांगतात, पोटदुखी सांगतात, गुडघ्यांवर तर बायका तासन्‌तास बोलतात, पण दात दुखला की लवंग धरायची आणि गप्प बसायचं. खात्याची आरोग्य योजना सगळ्याला चालते, दाताला चालत नाही, हे बंगळूरजवळच्या आनेकलच्या पोलीस क्वार्टर्समधल्या पोराटोरांनाही पाठ आहे. "दाताला नाही" असं तिथे इतक्या वर्षांपासून म्हणतात, की योजनेत नेमकं काय लिहिलंय ते वाचायची कोणाला गरजच वाटलेली नाही. माझ्या भावजयीलाही वाटली नाही. खालची उजवी दाढ दुखायची म्हणून ती डावीकडून चावायची, आणि अशी कित्येक वर्षं चावत राहिली.

भावजयीचं नाव संहिता. मी तिची थोरली नणंद. बंगळूर शहरात, बसवनगुडीत, शाळेत शिकवते, आणि घरीही वर्गात बोलल्यासारखीच बोलते असं घरचे म्हणतात. म्हणू देत. माझा भाऊ हंबीरराव हेड कॉन्स्टेबल आहे आणि आमची आई सोयराबाई त्याच्याकडे राहते. संहिता बेळगावकडच्या सीमेवरच्या खेड्यातली. भरलेला सिलिंडर एकटी उचलून आत नेणारी, मोजकं बोलणारी, हसली तर तोंडावर पदर धरून हसणारी. नवरे बंदोबस्ताला गेले की अर्ध्या क्वार्टर्सच्या किल्ल्या हिच्याकडे, आणि कोणाचं पोर पडलं तरी पहिली हाक हिलाच. इतरांचं सगळं करायचं आणि स्वतःचं काही सांगायचं नाही, ही तिची खोड. लोक याला गुण म्हणतात. मला त्याचा राग येतो.

उगादीच्या पाडव्याला मी त्यांच्याकडे गेले तेव्हा ती पुरणाची होळिगे वाढायला वाकली आणि मला तिचा गाल दिसला. उजवीकडून जबड्यापाशी फुगलेला.

"हे काय?"

"काय नाही की अक्का. कूस चुकली असंल रातीला."

कूस चुकून कोणाचा जबडा सुजत नाही. दुसऱ्या दिवशी तिला धरून बसवनगुडीतल्या आमच्या ओळखीच्या दंतवैद्य बाईंकडे घेऊन गेले. त्यांनी एक्स-रे काढला, दिव्यासमोर धरला आणि आम्हा दोघींना जवळ बोलावलं. जबड्याच्या हाडात लिंबाएवढी काळी पोकळी दिसत होती.

"गाठ आहे. बहुतेक साधीच असेल, पण काढून तपासायला पाठवू," त्या म्हणाल्या. "काळजी वेगळीच आहे. भोवतालचं हाड फार पातळ झालंय. शेंगदाण्याचा लाडू चावला तरी जबडा मोडू शकतो. लवकर करा."

"दाताला नाही ना पण," संहिता पुटपुटली.

"हे दाताचं राहिलंय कुठे आता? ही जबड्याची शस्त्रक्रिया. भूल द्यावी लागेल, ॲडमिट व्हावं लागेल. तुमच्या योजनेत बसेल. फक्त आधी मंजुरी घ्या."

मला आनंद व्हायला हवा होता. पण आधी संतापच आला. वेळेवर कोणी विचारलं असतं तर एवढी वेळ आली नसती.

घरी आल्यापासून संहिता अंबील आणि मऊ भातावर होती. मी रोज सकाळी फोन करायची ते तिचा आवाज नीट येतोय का एवढंच ऐकायला. तिने "हॅलो" म्हटलं की माझा जीव भांड्यात पडायचा, आणि फोन ठेवला की पुन्हा धास्ती. कुठे ठेच लागली, कोणाच्या पोराने खेळता खेळता तोंडावर हात मारला, तर? आई तिच्यासाठी केळं कुस्करून ठेवायची आणि ती खाईपर्यंत समोरून हलायची नाही.

हंबीरराव तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात जत्रेच्या बंदोबस्ताला होता. म्हणून मीच तिला बोम्मसंद्र्याच्या बाजूच्या, योजनेत असलेल्या इस्पितळात घेऊन गेले. मंजुरीच्या खिडकीत गुरुप्रसाद नावाचा तरुण बसला होता. बोलायला गोड, कामाला चिकट. त्याने योजनेचं कार्ड पाहिलं, आधार पाहिलं, परत कार्ड पाहिलं.

"स्वल्प थांबा, मॅडम," तो कन्नडमध्ये म्हणाला. "कार्डावर बायकोचं नाव संहिता आहे. या गंगव्वा कोण?"

"हीच," मी म्हटलं. "गंगव्वा माहेरचं नाव. लग्नात बदललं."

"आडनाव बदलतं, सरी, ते ठीक. नावच कसं बदलेल?"

आता याला काय सांगायचं? आमच्यात लग्नात ताटात तांदूळ पसरतात, नवरा त्यावर अंगठीने नवं नाव लिहितो आणि पेढे वाटतात. गंगव्वा हे नाव शहरात शोभणार नाही असं आईने ठरवलं आणि हंबीररावाने संहिता लिहिलं. पुढे त्याने ऑफिसात बायको म्हणून संहिताच लावलं. आणि संहिता बाळंतपणाला माहेरी गेली तेव्हा तिच्या वडिलांनी, बसवंतअण्णांनी, शाळेचा दाखला दाखवून तिचं आधार काढून आणलं. दोघांनीही आपापल्या जागी बरोबरच केलं होतं. लग्न नोंदवायचं मात्र कोणाच्या डोक्यात आलं नाही.

गुरुप्रसादने सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणला. "मॅडम, मी विश्वास ठेवतो. पण वर पाहणारा काय म्हणेल? कार्डावर एक बाई, समोर दुसरी. साहेबांना दोन बायका आहेत असंच वाटेल. मी हे तसंच पुढे पाठवलं तर त्यांच्या ऑफिसात विचारणा जाईल."

मला आधी हसू आलं. हंबीररावाला एक बायको सांभाळताना नाकी नऊ येतात. पण शेजारी पाहिलं तर संहितेच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. सरकारी नोकराने दुसरी बायको केली तर नोकरी जाते, हे पोलिसाच्या बायकोला सांगावं लागत नाही. तिने खिडकीतून आपले कागद ओढून घेतले आणि पदराखाली धरले.

"चला अक्का. ऱ्हाऊ दे. नको मला."

"अगं, जबडा मोडेल!"

"मोडू दे की. माझाच हाय न्हवं?"

बसस्टॉपपर्यंत मी तिला बोलत होते आणि ती चालत होती. पदराखालचे कागद काही सोडत नव्हती. त्या क्षणी मला तिच्या जबड्यापेक्षा तिच्या हट्टाचीच जास्त भीती वाटली.

क्वार्टर्सवर पोचल्याबरोबर मी हंबीररावाला फोन लावला. पलीकडे ढोल वाजत होते. त्याने सगळं ऐकलं आणि माझ्यावरच उखडला. "अक्का, तुम्हांला काही कळतं का? आमच्या एकाला निनावी अर्जावरून वर्षभर घरी बसवलं. एकदा चौकशी लागली की खरंखोटं नंतर. मी आल्यावर बघू. तोवर काही करू नका."

"तोवर तिने काय खायचं?"

तो म्हणाला, "सांभाळून खा म्हणावं."

मी फोन आपटला. माझा भाऊ वाईट नाही. दुसऱ्यांच्या चौकश्या पाहून पाहून स्वतःच्या चौकशीला घाबरतो, एवढंच. पण त्या वेळी तो समोर असता तर मी त्याच्या टोपीचा मुलाहिजा ठेवला नसता.

आई आत बसून सगळं ऐकत होती. सोळा-सतरा वर्षांत तिने गंगव्वा हे नाव एकदाही घेतलं नव्हतं. सुरुवातीला संहितेच्या माहेरची माणसं त्या नावाने हाक मारायची, तर आई भुवई वर करायची, आणि हळूहळू ती माणसंही ते नाव घेईनाशी झाली. तिने मला फोन परत लावायला सांगितला.

"हंबीर, नाव मी बदललं. तू नाही, तिनेही नाही," ती म्हणाली. "तू उद्या तुझ्या साहेबाला सांगतोस, का मी येऊन सांगू?"

आईला हंबीररावाचे साहेब नवे नाहीत. एकदा ती खरंच स्टेशनात गेली होती, ते तो अजून विसरलेला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने बंदोबस्तालाच आलेल्या साहेबांना सांगितलं. साहेबांनी पत्र दिलं की दोन्ही नावं एकाच बाईची आहेत, आणि वर चहा पाजला. स्टेशनातले मात्र पुढे कितीतरी दिवस "मोठ्या वहिनी कशा आहेत, धाकट्या कशा आहेत?" असं त्याला विचारत होते.

पत्राबरोबर प्रतिज्ञापत्र लागत होतं. आई माझ्याबरोबर नोटरीकडे आली, ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून. नोटरीने विचारलं, "गंगव्वा म्हणजे कोण?" आईने संहितेकडे बोट केलं आणि म्हणाली, "ही." नाव तेव्हाही तिच्या तोंडून निघालं नाही. पण सही तिने ठसठशीत केली.

गुरुप्रसादने कागद पाठवले आणि आम्ही वाट पाहत बसलो. मंजुरी येत नव्हती. प्रकरण एकदा परत आलं, आणखी एक कागद हवा होता. संहिता सारखी जबड्यावर हात ठेवून बसायची. रात्री झोपेतही हात तिथेच असतो, असं आई म्हणायची. ती मंजुरीला घाबरत होती की नामंजुरीला, ते मला कळत नव्हतं. फोन वाजला की तिला वाटायचं, ह्यांच्या ऑफिसातून आला.

मंजुरी आली तेव्हा मी वर्गात होते. मुलांना तसंच सोडून बाहेर आले आणि व्हरांड्यात उभ्या उभ्या डोळे पुसले.

शस्त्रक्रियेच्या दिवशी हंबीरराव बंदोबस्तावरून थेट आला, खाकीतच, दाढी वाढलेली. तिला आत नेताना तो "घाबरू नको" म्हणाला, पण घाबरलेला तोच होता. नंतर तो व्हरांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेऱ्या घालत राहिला. आई जपमाळ न ओढता नुसती हातात धरून बसली होती. फार वेळ गेला. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, जबडा शाबूत आहे, गाठ दिसायला साधीच वाटते, तपासणीचा निकाल आठवड्याने. तेव्हा कुठे हंबीरराव खुर्चीत बसला.

शुद्धीवर येताना एकालाच आत सोडतात. हंबीररावाला बोलावलं, तर त्याच्या मागोमाग आईही शिरली. तिला अडवायची कोणाची हिंमत झाली नाही. मी दारातून पाहत होते. जबड्याला पट्टी बांधलेली, चेहरा सुजलेला. नर्स तिच्या खांद्यावर हळूच थापटत होती.

"तुमचं नाव काय? नाव सांगा."

माणूस पुरतं शुद्धीवर आलं का, हे पाहायला असं विचारतात. संहितेने डोळे उघडले. नर्सच्या हातातल्या कागदांकडे पाहिलं, मग हंबीररावाच्या वर्दीकडे पाहिलं, आणि खिडकीपाशी दिसलेली तीच भीती तिच्या डोळ्यांत आली. नर्सने पुन्हा विचारलं. ती बोलेना. हंबीररावाचा चेहरा उतरला.

मग तिने मान वळवून आईकडे पाहिलं.

"कुठलं सांगू, आत्याबाई?" जड जिभेने तिने विचारलं.

आई पुढे वाकली. तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"गंगव्वा आहेस तू," आई म्हणाली. "तेच सांग."