आमच्या पत्त्यावरची कंपनी

रिटायर होईपर्यंत सरकारी क्वार्टर सोडायचं नाही, हा दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या आम्हा मराठी कुटुंबांचा शिरस्ता. त्यामुळे बाबांनी दिल्लीतच, द्वारकेत घेतलेला फ्लॅट काही वर्षं कुलपातच होता. किल्ली एका प्रॉपर्टी डीलरकडे ठेवली होती. तेव्हा जिकडेतिकडे नव्या कंपन्या उगवत होत्या. डीलरने आमचा पत्ता सागवान लागवडीच्या एका कंपनीला कार्यालय म्हणून देऊन टाकला.

आम्ही राहायला गेलो तोवर कंपनी लोकांना बुडवून पसार झाली होती. बाबांनी हौसेने दारावर स्वतःच्या नावाची पितळी पाटी लावली. आयुष्यातलं पहिलं स्वतःचं दार. आठवड्याभरातच रोहतकचे एक म्हातारे गृहस्थ त्या पाटीखाली येऊन बसले. "मालिक को बुलाइए," म्हणाले. मग मेरठचे आले, कोर्टाचा माणूस आला. कुणी शिव्या दिल्या. एका बाईने आईच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यापेक्षा शिव्या परवडल्या. बाबांनी पाटी उतरवली. बेल वाजली की ते आतूनच सांगायचे, "कंपनी यहाँ नहीं है जी."

कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयात त्यांनी किती खेटे घातले! तिथला अधिकारी चहा पाजून म्हणायचा, "सर, पता गलत है, मानता हूँ. पर बदलवाएगी कंपनी ही. हमें पावर नहीं है." म्हणजे पळालेल्या कंपनीने परत येऊन अर्ज करायचा. माझं डोकं फिरायचं. बाबा जन्मभर फायलींत मुरलेले, म्हणायचे, "नियमाने तो बरोबर बोलतोय." त्या 'बरोबर'चा मला अजून राग आहे.

पुढे नियम बदलला. खोटा पत्ता स्वतःहून काढून टाकायचा अधिकार अधिकाऱ्यांना मिळाला. एक इन्स्पेक्टर बाई आल्या, स्वयंपाकघर, देवघर पाहिलं, फोटो काढले आणि थोड्याच दिवसांत आमचा पत्ता नोंदीतून गेला. इतकं सोपं होतं ते. आई मात्र तोवर उरली नव्हती.

बाबांनी फोनवर पत्ता निघाल्याची बातमी दिली, तेव्हा पाटी परत लावायची असं आमचं ठरलं. दिवाळीला मी पुण्याहून नवे स्क्रू घेऊन गेले. बेल वाजवली. दार उघडलं नाही. आतून बाबांचा दमलेला, नम्र आवाज आला, "कंपनी यहाँ नहीं है जी. हम तो सिर्फ रहते हैं."