दुसऱ्या घरी ठेवायची प्रत

डिस्कमधून टक्-टक् आवाज येत होता आणि कापगते गुरुजी माझ्या तोंडाकडे पाहत होते.

हा आवाज मला आवडत नाही. हार्ड डिस्कमध्ये एक बारीक हेड असतं, ते गोल फिरणाऱ्या तबकडीवरून माहिती वाचतं. वाचता आलं नाही की ते मागे जातं, पुन्हा येतं, पुन्हा मागे जातं. तेव्हा असा आवाज येतो. म्हणजे डिस्क आता फार दिवसांची सोबती नाही.

लाखनीला हायवेवर माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गुरुजी एकोडीचे, निवृत्त शिक्षक. एसटीत सीपीयू मांडीवर घेऊन आले होते, तोही दुपट्ट्यात बांधून. मला आधी वाटलं, तांदूळच आणले.

"गुरुजी, डिस्क चालली," मी म्हटलं.

"जाऊ द्या. मी बॅकअप घेतला हाये." ते अगदी निर्धास्त होते. "पोरगी हैदराबादहून फोनवर नेहमी सांगे, बाबा, बॅकअप घ्या. मी दरवर्षी घेतो."

"कायच्यात घेता?"

"डी मधी."

मी कपाळाला हात लावला. हे आमच्या भागात घरोघरी चालतं. सी आणि डी असे दोन ड्राइव्ह दिसतात, म्हणून लोक समजतात की आत दोन डिस्का आहेत, एक गेली तर दुसरी आहेच. प्रत्यक्षात डिस्क एकच असते. तिचे दोन भाग पाडलेले असतात, त्याला पार्टिशन म्हणतात.

"गुरुजी, वावरात मधी धुरा टाकला त बांध्या दोन होतात. पण तलाव फुटला त दोन्ही बुडतात ना?"

धुरा म्हणजे बांध, बांधी म्हणजे भाताचं खाचर; गुरुजींचं आयुष्य धानाच्या गावात गेलेलं. त्यांना पुढचं काही समजावून सांगावं लागलं नाही. ते स्टुलावर बसले.

अशा डिस्कचं एक असतं. ती जितकी चालवाल तितकी मरणाच्या जवळ जाते. मोठ्या शहरात डिस्क उघडून माहिती काढणाऱ्या लॅब आहेत. पण मी इथे खटपट केली तर लॅबवाल्यांच्या हाती कमी उरतं. हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

"पाठवू का लॅबमधी?"

"नाई. इथंच करा, माह्या डोळ्यासमोर."

"मंग आधी काय काढू? एक सांगा. दुसऱ्याचा भरवसा नाही."

पोरीच्या लग्नाचे फोटो म्हणतील, नाहीतर सातबारा, असं मला वाटलं. लोक तेच म्हणतात.

"फोटो पोरीपाशी हायेत," गुरुजी म्हणाले. "तिच्या मायचा आवाज हाये त्याच्यात. पोरीनं माइकवाला हेडफोन पाठवला होता, तो चालते का नाई पाहाले मी मायलेच त्याच्यात बोलाले लावलं होतं. तेवढाच हाये. ते बोलाची कमी, अन् फोन त कधी हातातच घेतला नाई तिनं."

"फाइलचं नाव काय?"

"नाव कोण देते भाऊ? आपोआप पडलं."

डी उघडला. आत 'बॅकअप'. त्याच्या बाजूला 'बॅकअप नवीन', मग 'बॅकअप नवीन खरा'. प्रत्येकात आधीचा अख्खा बॅकअप कोंबलेला. गुरुजींनी मुलांना जन्मभर नीटनेटकेपणा शिकवला, आणि स्वतःच्या डिस्कमध्ये हा उकिरडा. एरवी मी चांगलाच बोललो असतो. एक-एक फोल्डर उघडायचं म्हणजे डिस्कला तेवढं पळवायचं, आणि टक्-टक् वाढतच होती.

"हे कधीचं होय, काही आठवते?"

"पाहुणे होते घरी. मंडईचे दिवस."

मंडई म्हणजे आमच्याकडची गावजत्रा, ती दिवाळीनंतर भरते. वर्ष त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण पुढची मंडई त्यांच्या पत्नीने पाहिली नाही. आता फाइल कॉपी केली की तिची तयार झाल्याची तारीख बदलते. पण शेवटची केव्हा बदलली, म्हणजे डेट मॉडिफाइड, ती तशीच राहते. गुरुजींनी कितीही वेळा बॅकअप कोंबला असला तरी ती खोटं बोलणार नव्हती. मी सर्वांत आतल्या फोल्डरमध्ये गेलो आणि तारखेनुसार लावलं. 'न्यू रेकॉर्डिंग' नावाची एक फाइल दिसली.

कॉपीला टाकली. हिरवी पट्टी अर्ध्यावर जाऊन थांबली. आम्ही दोघं त्या पट्टीकडे पाहत होतो. बाहेरून ट्रक जात होते. मग पट्टी एकदम सरकली आणि भरली.

त्यानंतर कागदपत्रं आली, थोडे फोटो आले, आणि डिस्क बंद पडली. पुन्हा काही उठली नाही.

मी फाइल लावली.

"झाला का चालू?" बाईमाणसाचा आवाज. "काय बोलू आता? तुमीच बोला ना. मले वरण पाहा लागते."

संपलं. गुरुजी रडले वगैरे नाहीत. "आणखी एकदा लावा," एवढंच म्हणाले. मी लावली, पुन्हा लावली. माझी बायको मुलांच्या शिक्षणासाठी नागपूरला राहते. मी दुकानावरच्या खोलीत एकटा असतो आणि डब्याचं जेवतो. कोणी कोणाला वरण पाहायला जाते म्हणून सांगावं, हे कित्येक दिवसांत माझ्या कानावर पडलं नव्हतं. त्या दिवशी फार एकटं वाटलं.

नवीन डिस्क बसवली. सी मध्ये फक्त विंडोज ठेवलं. गुरुजींचं सगळं डी मध्ये एकाच फोल्डरखाली लावलं, म्हणजे उद्या विंडोज बिघडलं तर सी पुसता येईल आणि त्यांच्या वस्तूंना धक्का लागणार नाही. आवाजाची फाइल पोरीला पाठवली, आणि सगळ्याची एक प्रत बाहेरून जोडायच्या डिस्कवर घेतली.

"हे घरी ठेवू नोका. चोरी झाली, पाणी शिरलं, त दोन्ही एकदमच जाईन. दुसऱ्याच्या घरी ठेवा."

"कोणाच्या?"

"भावाच्या? शेजाऱ्याच्या?"

"भाऊ गेला. शेजारचे पोराकडे गेले, कुलूप हाये." त्यांनी डिस्क हातात उलटसुलट केली आणि माझ्या टेबलावर ठेवली. "तुमच्यापाशीच राहू द्या."

पार्टिशन म्हणजे बॅकअप नव्हे. एक प्रत दुसऱ्या छपराखाली हवी. या धंद्यात मी शिकलेलं एवढंच, आणि ते मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

गुरुजी आता दर महिन्याला येतात, पेन ड्राइव्ह घेऊन. मी डिस्क कपाटातून काढतो, जोडतो, उघडते का ते पाहतो. चहा होतो. पेन ड्राइव्हमध्ये नवीन काहीच नसतं. नवीन काही नसेल तर बॅकअप घ्यायला यायची गरज नसते. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.